शेवंतीची बरणी

काल तुमची बरणी उघडली. काय निघालं ते सांगते, पण आधी माझं ऐकून घ्या. तुम्ही होते तवर या बरणीवरून मला एकदाबी पुरतं बोलू दिलं न्हाई. मी तोंड उघडलं की तुमचं ठरलेलं, "वर्ष होऊ दे, मंग बोल." घ्या, झालं वर्ष. तुम्ही मधातच उठून गेले ही गोष्ट वेगळी. पण बोलायची पाळी आता माझी आहे आणि मी ती सोडणार न्हाई.

तुमच्या शोकसभेत लई जण बोलले. सर फळ्यावर काही न बघता जगाचा नकाशा काढायचे, सरांनी कधी पोरांवर हात उचलला न्हाई, सरांमुळं अमका तहसीलला लागला, तमका फौजदार झाला. सगळं खरंय. मी मान खाली घालून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, बाबांनो, तुमच्या या सरांनी माझ्या जिन्याखाली काय करून ठेवलंय ते एकदा येऊन बघा. दर पौर्णिमेला विहारात पंचशील सांगणारा माणूस, आणि त्याच्या घरात गूळ आंबून राह्यलाय! वंदनेला येणाऱ्या बायकांना याचा पत्ता लागला असता तर माझं काय राहिलं असतं? अंगणवाडीची बाई म्हणून गावात जो काही मान आहे तो एका वासात गेला असता.

ही सगळी भानगड आपल्या प्रज्ञामुळं. इथं डॉक्टरकीला नंबर लागला न्हाई म्हणून पोरगी चीनला गेली. मी रडून घर डोक्यावर घेतलं होतं, आणि तुम्ही मात्र भिंतीवरच्या नकाशात तिचं गाव शोधून त्याला पेनानं गोल करत बसले होते. मंग दर रविवारी फोनवर तिचा चेहरा. मी विचारायचे, "जेवलीस का? काय जेवलीस?" आणि तुम्ही मला ढकलून मधात, "तिथं आज कोणता सण आहे? काय करतात लोकं?" पोरीला अभ्यासाचं टेन्शन, आणि बापाला सणवाराचं पडलेलं.

तिनंच सांगितलं की तिकडं सणासणाला वेगळं पेय असतं, आणि त्यात फुलं नाहीतर मुळ्या घालतात. उन्हाळ्याच्या सणाला वेखंड घातलेली दारू. ते ऐकून तुम्ही मांडीवर थाप मारली, "वेखंड! आपल्या बाळंतिणीच्या खोलीतलं वेखंड! ऐकलं का गं?" ऐकलं होतं. माझ्या कानाला काय झालंय? मंग भाद्रपदातल्या पुनवेला चंद्राला बघत प्यायची ती बारीक पिवळ्या फुलांची, बकुळीसारखा गोड वास असतो म्हणे तिला. आणि त्यांच्या नवव्या महिन्याच्या नवव्या तिथीला शेवंतीची. त्यांचीबी तिथी चंद्रावर चालती, म्हणून तो दिवस बहुतेक साली आपल्या दसऱ्याच्या आगंमागंच पडतो. हे तुम्ही कॅलेंडर काढून ताडून बघितलं आणि मंग तर तुम्हाला कोण धरणार.

त्या दिवशी लोकं टेकडीवर चढतात, इडापिडा खाली ठेवून वर जायचं म्हणून. घरातल्या म्हाताऱ्यांचा मान करतात. शेवंतीची दारू लहान वाटीत ओतून आधी मोठ्या माणसाला देतात, आयुष्य वाढू दे म्हणून. मी म्हणलं, "फुलाचा आन् आयुष्याचा काय संबंध? उगं काहीतरी." तुम्ही शाळेत बसल्यावानी समजावून सांगितलं, की थंडी पडली की बाकीची फुलं माना टाकतात, आणि शेवंती तेव्हाच भरात येती. म्हणून तिकडं ती दम धरणाऱ्या माणसाचं फूल आहे. मी म्हणलं, आमच्याकडं ती तोरणाचं आणि गजऱ्याचं फूल आहे, तेवढं पुरे.

प्रज्ञा एका साली तिच्या कॉलेजच्या मॅडमच्या घरच्यांबरोबर टेकडीवर गेल्ती. मॅडमच्या म्हाताऱ्या आईनं तिच्यासमोर वाटी धरली. हिनं हात जोडले, आमच्यात चालत न्हाई म्हणून सांगितलं. तिला वाटलं म्हातारी आता रागावती. म्हातारी नुसती हसली आणि वाटी परत तिच्याच हातात देऊन म्हणली, मंग तू मला पाज. तुझ्या आईबापाला पाजायला तू तिथं न्हाईस, माझी वाटी भर, त्यांना पोचंल. हे ऐकताना तुम्ही चष्मा पुसायला लागले. मी म्हणलं, "चांगली बाई आहे, पण दारूपासून लांबच राहा."

तुम्हाला माझं दारूचं माहीत होतं. लग्नाच्या बोलणीत पोरींनी काही विचारायची पद्धत नव्हती, तरी मी चहाचा कप देताना हळूच विचारलं होतं, "पिता का?" तुम्ही म्हणले, "पितो की. हाच, चहा." मी तिथंच हो म्हणून टाकलं. जाफराबादकडच्या आमच्या गावात माझा बाप मजुरी करायचा आणि ओढ्याच्या काठाला भट्टी लावणाऱ्याकडं ती घालवायचा. घरी आला की आधी वास यायचा, मंग तो यायचा. त्या वासानं आम्ही भावंडं पोत्यांच्या मागं जाऊन बसायचो. आईचा एक दात त्यानंच पाडला. ती एकदा भाकरी थापता थापता मला म्हणली, "जिथं जाशील तिथं हिला उंबऱ्याच्या आत घेऊ नको." मी म्हणलं न्हाई घेणार. एवढंच बोलणं. पण ते मी पाळलं. आपल्या गृहप्रवेशाला म्हणून तुमच्या मित्रांनी गच्चीवर बाटली आणली तर मी ती त्यांच्यासकट खाली उतरवली होती. तुम्ही तेव्हा हसत होते.

मंग माझं दुखणं निघालं. छातीत गाठ. संभाजीनगरला ऑपरेशन, मंग त्या सलाइनी, केस गेले, तोंडाची चव गेली, जिना चढायची ताकद गेली. बदनापूरच्या स्टेशनावर सकाळच्या गाडीला तुम्ही एका हातात माझी पिशवी आणि दुसऱ्या हातात माझा दंड धरून उभे राहायचे. जालन्याला नोकरीला जाणारी, तुमच्या हाताखालून गेलेली पोरं पलीकडच्या फलाटावरून ओरडायची, "सर, कसंय?" तुम्ही म्हणायचे, "एकदम बराबर!" बराबर काहीच नव्हतं. घरी आल्यावर तुम्ही न्हाणीत नळ सोडून रडायचे ते मला ऐकू यायचं. मी कधी बोलले न्हाई, तुम्हीबी न्हाई. आज बोलते. मला ऐकू यायचं हो.

मी त्यातून उठले. डॉक्टरांनी आता घाबरायचं कारण न्हाई म्हणून सांगितलं, आणि त्याच पावसाळ्यात तुम्ही गंगाधर भाऊंकडून शेवंतीची रोपं आणली. भाऊंचा तोच धंदा, दसरा-दिवाळीला जालन्याच्या बाजारात फूल घालायचा. ते म्हणले, "सर, रोपं कशाला, टोपलीभर फुलंच नेत जा." तुम्ही म्हणले न्हाई, फवारा न मारलेलं फूल पाहिजे. भाऊंनी कपाळाला हात लावला. फवारा न मारता शेवंती? माव्याची कीड खाऊन टाकंल. तुम्ही ती रोपं न्हाणीच्या मागं लावली आणि रोज सकाळी चष्मा लावून एकेका पानावरचा मावा ओल्या फडक्यानं पुसत बसले. येणारेजाणारे विचारायचे, सर काय करून राह्यले? मी म्हणायचे, "रिटायर झालेत."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही फुलं तोडली, थोडा पालाबी तोडला. ज्वारी शिजवली, माझ्या चांगल्या पातेल्याचं बूड जाळून. गूळ घातला, उकळून गार केलेलं पाणी घातलं, आणि मला न विचारता माझी लोणच्याची मोठी बरणी घेतली. मी दारात उभी राहून बघत होते. विचारलं, "ही ती चिनी दारू का?" तुम्ही एकदम शपथेवर आल्यासारखे बोलले, "बिलकुल न्हाई. ते लोकं त्यात खमीर घालतात, मी घातलं न्हाई. नवसागर न्हाई, भट्टी न्हाई. दारू होईल कुठून? हे शरबत आहे. वर्षभर मुरंल, पुढच्या साली याच दिवशी उघडायचं, तशीच पद्धत आहे."

कप्पाळ माझं! एवढा शिकलेला माणूस, जगाच्या नद्या पाठ, आणि दारू म्हणजे भट्टीवर होती एवढीच माहिती. होणार कशी जास्त? जन्मात कधी जवळून बघितली न्हाई. ज्यानं एकदा जरी प्यायली असती त्यानं गूळपाणी घालून वर्षभर ठेवायचं नावच काढलं नसतं. तुमच्या शहाणपणानंच तुम्हाला फशी पाडलं.

पण त्या दिवशी मला तेवढा विचार नव्हता. बरणीच्या तोंडाला तुम्ही माझ्या जुन्या लुगड्याचं फडकं बांधलं. मी म्हणलं झाकण लावा, तुम्ही म्हणले तिला श्वास लागतो. मंग म्हणले, "चल, टेकडीवर." गावाबाहेरच्या त्या मुरमाच्या टेकडीला चीनची टेकडी करायची होती तुम्हाला. मला ऑपरेशननंतर तेवढा चढ पहिलाच होता. तुम्ही दर थोड्या अंतरावर उगंच बुटाची नाडी बांधायला बसायचे. मला कळत होतं, मला दम खाऊ द्यायचा म्हणून. वर आपण धपाटे खाल्ले. थर्मासातल्या चहात तुम्ही शेवंतीच्या पाकळ्या टाकल्या होत्या. मी म्हणलं, "चहाचा सत्यानाश केला." खाली सोयाबीनच्या मळण्या चालल्या होत्या, कापूस फुटत होता, स्टेशनावर मालगाडी उभी होती. प्रज्ञा तवर डॉक्टर होऊन परत आल्ती, जालन्याच्या दवाखान्यात तिची ड्यूटी होती. तुम्ही म्हणले, तिकडं टेकडीवर गेल्यावर जे माणूस आलं न्हाई त्याची आठवण काढतात. आणि उठून उभे राहून, जालन्याकडं तोंड करून, "प्रज्ञाऽऽ" म्हणून आरोळी ठोकली. एक शेरडं राखणारा घाबरून बघायला लागला. मी पदर तोंडाला लावून हसले. इतकी हसले की टाक्यांची जागा दुखली. ती दुपार मला तुम्ही दिली, त्याचे मी आभार मानले नव्हते. घरात कोण आभार मानतं? पण मानायला पाहिजेत, असं आता वाटतं.

दिवाळी झाली आणि एका सकाळी जिन्याखाली झाडताना मला वास आला. झाडू तिथंच पडला. मी एवढी मोठी बाई, पोरगी डॉक्टर झालेली, आणि मला पोत्यामागं जाऊन बसावं वाटलं. भट्टीवर चढवायच्या आधी ते लोकं रांजणात जे सडवतात ना, ज्याला पोलीस रसायन म्हणतात, त्याचा तो वास. मी फडक्याला कान लावला तर आत बुडबुड आवाज. तुम्हाला हाक मारली ती अशी मारली की शेजारचीबी धावत आली. तिला काय सांगणार? म्हणलं, पाल होती.

मंग दार लावून आपलं भांडण. "ही दारू झाली. आत्ताच्या आत्ता नालीत ओता." तुम्ही वाकून वास घेतला आणि म्हणले, "फुलांचा वास आहे. बुडबुडे येऊन राह्यलेत, म्हणजे आतलं जिवंत आहे." मी म्हणलं, "मला शिकवू नका, या वासात मी लहानाची मोठी झाले." तुम्ही म्हणले, दारूचं शील हे नशेच्या विरुद्ध आहे, शुद्ध हरपू नये म्हणून आहे, वर्षातून एक चमचा औषध म्हणून घेणाऱ्याची शुद्ध हरपती का? मी म्हणलं, "शील पाठ म्हणणारे तुम्ही, अर्थ सोयीचा काढणारेबी तुम्हीच." हे तुम्हाला लागलं. मंग हळू आवाजात म्हणले, "तुझ्यासाठी करून राह्यलो मी हे. तू जगावी म्हणून."

मला ते माहीत होतं. रोपं आणली तेव्हाच कळलं होतं. पण तोंडावर असं ऐकल्यावर मला काय बोलावं सुचंना, आणि सुचलं न्हाई की मी भांडते, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत? मी म्हणलं, "दारूतून आलेलं आयुष्य मला नको." तुम्ही म्हणले, "वर्ष होऊ दे, मंग बोल." आणि बादली घेऊन झाडांना पाणी घालायला गेले.

तिथंच ते भांडण थांबलं. मिटलं न्हाई, नुसतं थांबलं. तुम्हाला वाटत असंल की मी बरणी फेकली का न्हाई. घरात एकटी असायचे की मी. दोनचारदा हात लावला. पण ती फेकली असती तर वर्षाच्या शेवटी भांडायला काय राहिलं असतं? आणि खरं सांगू, माझ्यासाठी कोणी आजवर असं वेड्यासारखं काही केलं नव्हतं. मी जिन्याखाली उदबत्ती लावायला लागले, वास दबावा म्हणून. तुम्हाला वाटलं मी बरणीची पूजा करते. "बघ, पटलं ना?" म्हणले होते. काय बोलावं या माणसाला!

उन्हाळ्याच्या सुमाराला वास बदलला होता. मला तेव्हा उमगलं न्हाई. मला वाटलं, माझंच नाक मेलं.

आणि मंग पावसाळ्यात तुम्ही गेले. तुम्ही! ज्याला कधी साधी गोळीबी घ्यावी लागली न्हाई. सकाळी चहा घेतला, पेपर उघडला, "आज गाडी लेट दिसती," म्हणले, आणि मी वाटी धुऊन येईस्तवर संपलं होतं. दुसऱ्या दिवशीपासून बायका बसायला यायला लागल्या. आतल्या खोलीत मी पडलेले, आणि बाहेर त्यांचं चाललेलं. "सोन्यासारखा माणूस गेला बाई, आन् दुखणेकरी मागं राहिली." वाईट मनानं न्हाई बोलल्या, हळहळूनच बोलल्या. पण ते माझ्या डोक्यात जाऊन बसलं. जेवताना आठवायचं. रात्रीची गोळी घेताना आठवायचं, ही कशासाठी घेऊन राह्यले मी? कोणाच्या वाट्याचं जगून राह्यले? तपासणीची तारीख आली तर मी प्रज्ञाला म्हणलं राहू दे, आता काय करायचंय. ती माझ्यावर खेकसली आणि ओढत घेऊन गेली. रिपोर्ट चांगला आला, तर मला बाहेरच्या बाकड्यावर बसून लाज वाटली. तुम्ही समजून घ्या. चांगल्या रिपोर्टची लाज.

दसरा जवळ आला तसं मी ठरवून टाकलं. बरणी नालीत. आईला दिलेला शब्द राहील, विहारातल्या कार्यक्रमाला मी डोळे वर करून जाईन, आणि हा विषय संपंल. बरणी मला एकटीला उचलंना, म्हणून काल गंगाधर भाऊंना बोलावलं. ते विहाराच्या सजावटीला फुलं घेऊन आलेच होते. प्रज्ञाबी सुट्टी काढून आल्ती. तिनं ऐकलं आणि जिन्यासमोर आडवी उभी राहिली. "आई, पप्पांनी सांगितलेलं वर्ष आज पुरं होतंय. आज ओतून देशील?"

"दारू आहे ती."

"उघडून तर बघ."

"मी उघडणार न्हाई, आणि माझ्या घरात कोणी उघडायची न्हाई. मी माझ्या आईला सांगितलंय."

"आणि पप्पांना काय सांगितलंय?"

तुम्हाला मी कधी काही सांगितलंच न्हाई, त्याचंच तर रडगाणं आहे. पोरगी रडायला लागली. म्हणली, ते गेले तेव्हा मी ड्यूटीवर होते, माझ्या हातानं एक घोट पाणीबी पाजता आलं न्हाई, आणि तू त्यांनी ठेवलेलं गटारीत घालून राह्यलीस. गंगाधर भाऊ बिचारे हातात फुलांची टोपली घेऊन खाली बघत उभे. शेवटी तेच म्हणले, "वैनी, उंबऱ्याच्या आत नको ना तुम्हाला? मंग भायेर नेऊ. झाडांपाशी. सरांनी लावलेत, तिथं उघडू."

असं चालतं का, मला माहीत न्हाई. आई असती तर तिला विचारलं असतं. मी म्हणलं, न्या.

तुमची शेवंती या सालीबी आलीय. मावा आलाय, पण आलीय. तिथं फरशीवर बरणी ठेवली. भाऊंनी गाठ सोडली. त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, खोटं कशाला बोलू. वर्षभर मुरलेली, सरांच्या हातची! त्यांनी तर घरून छोटा ग्लासबी आणल्ता खिशात, तो मी बघितला. वर जाड साय धरली होती. ती बाजूला सारून त्यांनी ग्लासात थोडं घेतलं आणि आम्ही काही म्हणायच्या आत डोळे मिटून ओठाला लावलं. आणि त्यांचं तोंड असं झालं! एक डोळा मिटला तो उघडंनाच. ठसका लागून लागून म्हणले, "वैनी... वैनी, हा तर शिरका झालाय!"

प्रज्ञानं वास घेतला, बोट बुडवून चाखलं, आणि रडता रडता हसायला लागली. फडकं बांधलं होतं ना, आत हवा जात राहिली. आधी गुळाची दारू झाली, मंग हवेनं त्या दारूचा शिरका झाला, व्हिनेगर. आता त्यात नशेचं नाव काढायला नको, म्हणली. मी विचारलं, "म्हणजे मधी दारू झालती की न्हाई? ते सांग आधी." ती म्हणली, "झाली होती, आई. तू बराबर होतीस." मंग थोड्या वेळानं म्हणली, "पप्पांनीबी वर्ष होऊ दे म्हणलं होतं."

हो. म्हणले होते. ऐकून घ्या, तुम्ही बराबर होते. तुम्हाला शिरक्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, निव्वळ नशिबानं बराबर निघाले, पण निघाले. जन्मभर मी तुमच्यापुढं हे कबूल केलं नसतं, आणि केलं असतं तर तुम्ही ते गावभर करून आले असते. ते करायला तरी थांबायचं होतं.

प्रज्ञानं आतून आपली चहाची वाटी आणली. त्यात चमचाभर शिरका, वर पाणी, आणि शेवंतीची एक पाकळी. दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरली. मी म्हणलं, आधी भाऊंना दे, ते वयानं मोठे आहेत. ती म्हणली, "आई, आता या घरात मोठं माणूस तूच आहेस." मी इकडंतिकडं बघितलं. खरंच की. मागं कोणी नव्हतं.

वाटी घेतली. आंबट म्हणजे किती आंबट, दात शिवशिवले, नाकात गेलं, डोळ्यांतून धार लागली. त्या धारेत थोडं रडणंबी निघून गेलं, कोणाला कळलं न्हाई. आणि पार तळाला, गिळून झाल्यावर, शेवंतीचा कडवट वास आला. तुमच्या सदऱ्याला यायचा ना सकाळी, मावा पुसून आत आल्यावर, तसा.

प्रज्ञा म्हणली, "बास आई, रिकाम्या पोटी नको." मी वाटी तिच्यापुढं धरली. म्हणलं, भर अजून.

मला जगायचंय, अहो. बायका काय म्हणतील ते म्हणोत. तुम्ही गेल्यापासून हे मनात यायचं आणि मी दाबून टाकायचे, तोंडातून काढायची लाज वाटायची. तुम्हाला सांगायला मला कसली लाज?